दोन दोन कंटेनर

सोलापुरात परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय शकूताई, कसं झालं पनवेलचं लग्न? मासे खाल्ले की नाही?" मी म्हणते, खाल्ले. हळद झाली? झाली. नव्या विमानतळाची विमानं बघितली? बघितली, लांबून. मग मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि चालू लागते. पण असं किती दिवस करणार? माझ्यासारख्या बडबड्या बाईला गप्प राहणं म्हणजे शिक्षाच. म्हणून लिहायला बसलेय. ज्यांना पनवेल बघायचंय त्यांनी यातून पनवेल घ्यावं. ज्यांच्या घरात जुईसारखं लेकरू आहे, त्यांनी बाकीचं नीट वाचावं.

जुई म्हणजे माझ्या भाचीची, शिल्पाची मुलगी. सहा वर्षांची. जन्मापासून तिच्या डोक्यात पाणी साठायचं. तसं थोडं पाणी सगळ्यांच्याच मेंदूत असतं म्हणे, तयार होतं आणि जिरतं. जुईचं जिरत नव्हतं. म्हणून अगदी तान्ही असतानाच तिच्या डोक्यात एक बारीक नळी बसवली. तिला शंट म्हणतात. ती डोक्यातून निघते, उजव्या कानामागे कातडीखाली एक लहानसा उंचवटा आहे तिथून मानेत, मानेतून छातीवरून पोटात. जादाचं पाणी पोटात उतरतं आणि तिथे जिरून जातं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. केस वाढले की उंचवटाही झाकला जातो. जुई शाळेत जायची, भांडायची, पाढे चुकवायची, सगळ्यांसारखीच.

पण नळी आहे म्हटल्यावर ती कधीतरी तुंबणार, नाहीतर तिच्यात जंतू शिरणार, हे आलंच. डॉक्टरीणबाईंनी शिल्पाला सुरुवातीलाच बजावलं होतं. उलट्या, डोकेदुखी, नको इतकी झोप, डोळ्यांना काही वेगळं दिसणं, ताप. यातलं एक जरी झालं तरी विचार करत बसायचं नाही, पोरीला उचलायचं आणि आणायचं. शिल्पाला हे तोंडपाठ होतं. अहो, हेच तर सलतंय. न कळणाऱ्या बाईच्या हातून झालं असतं तर देवाला दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

कोन फाटा

पुण्याहून पुढचा घाट उतरताना मला बस लागली. वयाची साठी उलटली, आजवर कधी लागली नव्हती, नेमकी तेव्हा लागली. शेजारच्या बाईंनी पिशवी धरली, लिंबू दिलं, वर "होतं हो असं" म्हणाल्या. देव त्यांचं भलं करो. हा किस्सा मी मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचं काम आहे.

कोन फाट्यावर उतरले तर हवा अशी, की न आंघोळ करता ओलं व्हावं. आमच्याकडे मे महिन्यात ऊन मी म्हणतं, पण घाम निदान वाळतो तरी. इथे पदर पिळावा लागतो. न्यायला शिल्पाचा नवरा निलेश आला होता. माझी बॅग उचलून म्हणाला, "मावशी, दगड भरलेत काय?"

"शेंगाचटणी आणि कडक भाकरी. दगडच म्हण."

निलेश इथलाच, जासईच्या अलीकडच्या गावातला. वडिलांची भातशेती आणि मिठागर होतं. जमीन गेली, तिथे कंटेनरची यार्डं झाली, आणि ज्या जमिनीवर मीठ पिकायचं तिथून आता निलेशचे दोन ट्रेलर माल भरून निघतात. माझ्याशी तो अगदी पुस्तकी बोलतो. गावाकडून फोन आला की लगेच "आमी निगालो, तुमी जेवून घ्या" सुरू. जुईसाठी म्हणून त्यानं नवीन पनवेलात फ्लॅट घेतला. शाळा जवळ, आणि तिचं हॉस्पिटलही फार लांब नाही.

दार जुईनंच उघडलं. "मावशीआजी, तू जाडी झालीस!"

"आणि तू आगाऊ झालीस."

मग माझा हात ओढून तिनं स्वतःच्या कानामागे नेला. "हा माझा नळ. हात लाव. दाबायचं नाही हं." एखादी बाई नवी नथ दाखवते ना, त्याच तोऱ्यात.

रात्री तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. आमची भाकरी मोडली की आवाज होतो, इथली हातरुमालासारखी घडी घाला. मी तीन खाल्ल्या. जेवणानंतर आइस्क्रीम आलं, जुईनं स्वतःचं संपवून माझंही अर्धं पळवलं. भांडी आवरताना शिल्पा हसत हसत सांगत होती. यंदा दोन वेळा जुईला उलट्या झाल्या, दोन्ही वेळा तिनं पोरीला उचलून हॉस्पिटल गाठलं. एकदा दिराचं मुलगी बघणं टाकून, एकदा सासऱ्यांच्या साठीच्या पंगतीतून उठून. दोन्ही वेळा स्कॅन झाला, नळी ठणठणीत. पहिल्यांदा निघाली पाणीपुरी, दुसऱ्यांदा साधा ताप.

"डॉक्टर रागावल्या?"

"छे! त्या म्हणाल्या, शंभरदा उगाच आलात तरी चालेल, एकदा यायच्या राहू नका. पण गावाकडे मला नाव पडलंय मावशी. नुसती चप्पल घातली तरी सासूबाई म्हणतात, निघाली का आमची अँब्युलन्स?"

मीही हसले. नाव होतंच तसं हसू येण्यासारखं. शिल्पा मात्र तवा घासत राहिली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि तिचं तर लेकराचं तोंड पोळलेलं होतं. फुंकू द्यायला हवं होतं सगळ्यांनी तिला.

पळस्प्यावरून पुढे

दुसऱ्या दिवशी निलेशच्या धाकट्या भावाची, रुपेशची हळद. तुम्हाला सांगते, आपल्याकडे हळद म्हणजे बायकांनी दुपारी उरकायचं काम. या आगरी लोकांत हळद लग्नापेक्षा मोठी. लग्नाला एकवेळ नाही आलात तर चालेल, हळदीला नाही आलात तर नातं तुटलं समजा. आणि थोरली वहिनी म्हणून पहिला मान शिल्पाचा.

सकाळी दूध प्यायल्यावर जुई ओकली. शिल्पानं लगेच तिला खिडकीशी नेलं, हनुवटी धरून डोळे बघितले, कपाळाला हात लावला. ताप नव्हता. "डोकं दुखतंय का गं?" जुई म्हणाली, "थोडंसं." मग स्वतःच म्हणाली, "आता नाही." नव्या घागऱ्याची घाई होती तिला.

"काल दोघींचं आइस्क्रीम एकटीनं खाल्लं की," निलेश म्हणाला. ते खरंच होतं.

पळस्प्याला रस्ते फुटतात. एक पुण्याकडे, एक गोव्याकडे, आणि आम्ही धरला तो उरणकडे, बंदराचा. पुलाखाली भाजलेल्या कणसांच्या आणि शहाळ्यांच्या गाड्या. पुढे दोन्ही अंगांना जे काही दिसतं ते कंटेनरच. एकावर एक चार-पाच रचलेले, लाल, निळे, हिरवे, गंजलेले. आमच्याकडे उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात तशा इथे ट्रेलरच्या. मधूनच खाडीचा वास, एखादा बगळा, आणि परत कंटेनर.

या रस्त्यावर जुईचा एक खेळ आहे. आपापला रंग घ्यायचा आणि आपल्या रंगाचा कंटेनर दिसला की ओरडायचं. तिचा लाल, माझा निळा. माझा मोतीबिंदू अजून काढायचाय, त्यामुळे मी बिनधास्त चिटिंग करते. राखाडी दिसला तरी "निळा!" म्हणते. जुई लगेच पकडते. "खोटं! मावशीआजी खोटं बोलते! तो निळा नाहीये!"

त्या दिवशी तिनं नवाच डाव काढला. समोरून एक ट्रेलर आला आणि ती ओरडली, "दोन लाल!"

"एकच आहे की गं लबाडे."

"नाही, दोन आहेत. एकाच्या बाजूला एक. तो बघ, परत दोन!" पुढच्या ट्रेलरलाही दोन. त्याच्या पुढच्यालाही. एक डोळा मिटून बघितला आणि म्हणाली, "आता एक," आणि डोळा उघडून, "आता दोन!" तिचे माझ्या दुप्पट गुण झाले. निलेश आरशात बघून म्हणाला, "माझ्या धंद्यात असे दोन दोन दिसले असते तर काय मजा आली असती!" आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं. शिल्पा पुढच्या सीटवर मांडीवर हळदीचं ताट आणि हाराची पिशवी सांभाळत बसली होती, तीही हसली. मग हसता हसता थांबली आणि मागे वळून लेकीकडे बघत राहिली. तेवढ्यात जुई घागऱ्यावर ओकली.

"गाडी लागली," निलेश म्हणाला.

"माझ्यावर गेलीय," मी म्हणाले, आणि घाटातला माझा किस्सा रंगवून सांगितला. पर्समधली आवळासुपारी काढून तिच्या तोंडात घातली. घागरा पाण्यानं पुसला. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, आणि खेळ तिथेच थांबला. आता मी हे लिहितेय तर प्रत्येक ओळ ओरडून सांगतेय की काय होत होतं ते. सकाळची उलटी, डोकं, दोन दोन दिसणं, परत उलटी. त्या गाडीत मात्र त्यातल्या एकेकीला आमच्याकडे एकेक सोपं नाव तयार होतं.

मांडव

शिल्पाच्या सासूबाई, यमुनाबाई, मांडवाच्या दारातच उभ्या. उंच, काळ्या, अंगभर सोनं, आणि आवाज असा की माइकची गरज नाही. मला मिठीच मारली. "आल्या आमच्या सोलापूरच्या इनबाई! बसा, पयलं जेवा. बोलाला रात हाय."

जेवण काय सांगू! मटण, वाल घातलेली सुकी मासळी, मोठमोठ्या भाकऱ्या, आणि पंगतीत मागे उभं राहून वाढणारी माणसं, जी 'नको' हा शब्द ऐकतच नाहीत. एका बाजूला धवलारणी बसल्या होत्या. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या या म्हाताऱ्या, यांच्याशिवाय इथे हळद लागत नाही. दुसऱ्या बाजूला बेंजोवाले, स्पीकरच्या खोक्यांची भिंत उभी करून. दोघांचं एकदम चालतं, कुणालाच अडचण नाही. माझ्या छातीत ताशा वाजत होता. वरून दर थोड्या वेळानं एक विमान जायचं, पण त्याचा आवाज मेला ऐकू कुणाला येतोय?

आणि त्या सगळ्यात, खोक्यांपासून चार हातांवर, खाटेवर जुई झोपली होती. गाढ. बायका येता-जाता थांबायच्या. "केवडी गुनी पोर! येवड्या आवाजात झोपलीय बघा." एकीनं आपल्या रडणाऱ्या नातवाला तिच्याकडे बोट दाखवून दटावलंसुद्धा. यमुनाबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. "सगल्यांची नजर माझ्याच पोरीवर," म्हणाल्या, आणि खरोखर कौतुकानं तिच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं. प्रेम होतं हो त्यांचं. ते नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

शिल्पा तीनदा खाटेपाशी आली. तिसऱ्यांदा तिनं जुईला हलवलं. जुईनं डोळे अर्धे उघडले, "झोपू दे ना," म्हणाली आणि परत झोपली. शिल्पानं निलेशला बाजूला बोलावलं.

"मला ठीक वाटत नाहीये. एकदा दाखवून आणू या."

"आत्ता? अगं, मांडवात दोनशे माणूस आहे. दमलीय ती. बोलली ना तुझ्याशी आत्ता?"

यमुनाबाईंच्या कानावर गेलंच. रागानं नाही, लाडानंच बोलल्या त्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "निगाली का अँब्युलन्स? अगो, दोन येला पलालीस, काय निगाला? काय नाय. आज रुपेशला पयली हलद कोन लावल, मी?" आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या.

मी शिल्पाचा हात धरला. म्हणाले, "तुला जायचंय तर मी येते तुझ्याबरोबर. रिक्षा करू, कुणाला सांगायलाही नको."

शिल्पा माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी शाळेत नाटकात वाक्य विसरली होती, तेव्हा अशीच बघत होती. मग म्हणाली, "नको मावशी. तिसऱ्यांदा हसं नको. हळद लावते, मग बघू."

तिनं हळद लावली. मग पाहुणे, मग नाच, मग जेवणं. 'मग बघू' म्हणता म्हणता मांडवाबाहेर गाड्यांची भिंत झाली. जुई मध्ये एकदा उठून पाणी प्यायली, दोन शब्द बोलली, तेवढ्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शिल्पा तिच्या शेजारीच आडवी झाली.

फुलांची गाडी

सकाळी जुई उठली नाही. शिल्पाची हाक ऐकून मी धावले. पोरीचे डोळे अर्धवट उघडे, बुबुळं खाली वळलेली, हात सोडला की पडत होता. शिल्पा ओरडली नाही, काही नाही. पोरीला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी अंगणात आली.

अंगणातल्या सगळ्या गाड्या एकमेकींत अडकलेल्या. बाहेर रस्त्यावर मोकळी होती एकच. नवरदेवाची, रात्रीच सजवून ठेवलेली, झेंडू आणि गुलाबांनी मढवलेली. रुपेशनं स्वतः किल्ली आणून भावाच्या हातात दिली. त्याच्या अंगावर हळद तशीच होती.

त्या गाडीतून आम्ही निघालो. ट्रेलरवाले हसून हॉर्न देत होते, लग्नाची गाडी म्हणून वाट सोडत होते. एका फाट्यावर पोरांनी हात हलवले. निलेश रडत गाडी चालवत होता आणि काचेवर गुलाबाच्या पाकळ्या येत होत्या. शिल्पा एकच वाक्य म्हणत होती, "मला माहीत होतं. मावशी, मला माहीत होतं गं."

हॉस्पिटलात मात्र कुणी वेळ घालवला नाही. नळीचं पोर म्हटल्याबरोबर स्ट्रेचर आलं, स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, केस पिकलेल्या. मोजकंच बोलल्या. नळीचं डोक्यातलं टोक तुंबलंय, पाणी साठून मेंदूवर दाब आलाय, आत्ताच्या आत्ता नळी बदलायची. कधीपासून होतंय हे, असं त्यांनी विचारलं. शिल्पानं सगळं सांगितलं, दोन दोन कंटेनरसकट. डॉक्टरांनी ते 'दोन दोन' कागदावर लिहिलं आणि खाली रेघ ओढली. शिल्पावर त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑपरेशन चालू असताना शिल्पा बेसिनपाशी हात धूत उभी होती. पहिल्या मानाची हळद, बोटांना मुरलेली. साबण लावायची, घासायची, बघायची, परत घासायची. शेवटी मी नळ बंद केला.

दुपारी यमुनाबाई आल्या. लग्नाच्या शालूत, मुलाच्या डोक्यावर अक्षता टाकून तशाच निघालेल्या. तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. शिल्पासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हासले नसते तर तू गेली असतीस ना?"

शिल्पानं मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. मग यमुनाबाई तिथेच फरशीवर बसल्या, सुनेच्या पायाशी, आणि तिचे पिवळे हात आपल्या हातांत घेऊन बसून राहिल्या.

वॉर्ड

ऑपरेशन चांगलं झालं. नळी नवी बसली, पाणी उतरू लागलं, जीव वाचला. आता ताप येतो का, टाके लाल होतात का, पोट फुगतं का, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं होतं. बदललेल्या नळीला जंतू लवकर धरतात म्हणे.

शेजारच्या खाटेवर पनवेलचीच रुबीना होती, दोन वर्षांच्या मुलाला घेऊन. त्याच्या नळीत जंतू झाले होते. ती काढून टाकली होती आणि डोक्यातलं पाणी बाहेर टांगलेल्या पिशवीत उतरत होतं. पिशवी नेमकी मुलाच्या कानाच्या पातळीला ठेवायची, ना वर ना खाली. मुलाला उठवायचं-बसवायचं तर आधी नर्सला हाक मारून नळी बंद करून घ्यायची. जंतू गेले की मग नवी नळी. रुबीना हे सगळं वरणाला फोडणी घालावी इतक्या सहज सांभाळत होती. शिल्पा जेवत नाही हे बघून तिनं आपल्या डब्यातली खिचडी तिच्यापुढे सरकवली.

"दीदी, खा. आपण नसीब नसीब करतो. हे नसीब नाही, नळी आहे. नळी बदलता येते. पुढच्या वेळी सगळं खानदान हसू दे, आपण पळायचं."

शिल्पानं दोन घास खाल्ले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, निभावलं. जुईला शुद्ध आली होती, हात दाबला की दाबायची, "आई" म्हणाली होती. मी खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला. ऊन थेट खाटेवर आलं.

जुई म्हणाली, "आई, लाइट का बंद केलाय?"

पुढचं थोडक्यात सांगते, लांबवण्याची ताकद नाही. मेंदूवरचा दाब डोळ्यांच्या नसांपर्यंत गेला होता. डॉक्टरीणबाईंनी शिल्पाला शेजारी बसवून समजावलं. नळी बदलता येते, नस बदलता येत नाही. थोडं परत येईल कदाचित, काही महिने वाट बघायची. किती येईल, सांगता येत नाही. "आदल्या दिवशी आणलं असतं तर?" निलेशनं विचारलं. विचारायला नको होतं, पण बापच तो. "डोळे बहुतेक वाचले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही एकटे नाही. प्रवासात मुलं ओकतातच, लग्नात दमतातच. म्हणून तर मी म्हणते, शंभरदा उगाच या."

हे वाक्य शिल्पा आधीही ऐकून होती. ते घरातल्या सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. नळी जुईच्या एकटीच्या डोक्यात असली तरी ती सांभाळायची सगळ्या घरानं असते. आम्ही ती एकट्या शिल्पाच्या गळ्यात टाकली, आणि ती सांभाळू लागली की तिला हसलो. मला राहून राहून वाईट वाटतं ते याचं.

काही दिवसांनी जुईला उजेड कळू लागला. खिडकी कुठे आहे ते बोटानं दाखवायची. त्यापलीकडे अजून काही नाही.

परतीचा रस्ता

टाके निघाल्यावर यमुनाबाईंनी नात आपल्याकडे मागून घेतली. "फलॅटात एकटी काय करशील? माझ्याजवल येऊ दे दोगींना. आता ती चप्पल घालायच्या आदी मी रिक्षा थांबवीन." आणि खरंच, घरासमोरच्या रिक्षावाल्याचा नंबर त्यांनी नातसुनेकडून, म्हणजे रुपेशच्या नव्या बायकोकडून, भिंतीवर कोळशानं लिहून घेतला होता. चुकले, नातसून कसली, धाकटी सून. मन थाऱ्यावर नाही अजून.

मला सोलापूरची बस पळस्प्याहून होती, पण आधी पोरींना गावाला पोचवायला मी बरोबर गेले. तोच रस्ता. तीच कणसं, तीच शहाळी. जुई माझ्या मांडीवर. अर्ध्या डोक्याचे केस काढलेले, कानामागे नवी पट्टी. निलेशनं गाणं लावलं नव्हतं. उजव्या अंगाला कंटेनर सुरू झाले.

ट्रेलरची खडखड ऐकून जुईनं मान वर केली. "आला का रे बाबा कंटेनरचा रस्ता?"

"हो बाळा."

"मग खेळू या. मावशीआजी, तू बघ. माझा लाल." आणि माझा हात चाचपून घट्ट धरला. "पण खोटं नको हं बोलू. आता मला कळणार नाही."

शिल्पानं पुढच्या सीटवर तोंडाला पदर लावला. मी डोळे पुसले, मोतीबिंदूचे, जसे आहेत तसे, आणि खिडकीशी सरकले. आयुष्यात इतकं निरखून मी काही बघितलं नसेल. निळा गेला. राखाडी गेला. हिरवा गेला. मग समोरून एक ट्रेलर आला.

"लाल," मी म्हणाले.

"किती?"

"एकच गं बाई. एकच आहे."

"हां," जुई म्हणाली. "मग आता बरोबर आहे."